मुगळीकरांच्या नावानं

"पुन्हा टाका," मी म्हणालो.

सत्यभामाताईंनी पुन्हा आपलं नाव टाकलं, पुन्हा पासवर्ड टाकला आणि प्रोग्रॅमचं नाव लिहून एंटर दाबलं. पडदा क्षणभर काळा राहिला. मग तीच ओळ उमटली, गेली सहा वर्षं उमटत होती ती. या वापरकर्त्यासाठी परवाना सापडत नाही.

"बघा. नव्या सुनेला विचारावं तसं विचारतंय. तू कुणाची गं, म्हणून."

"ताई, आज सोमवार आहे."

"मला माहीत नाही का, भाऊ? गुरुवारी मुलाखत माझी आहे, तुमची नाही."

त्या खुर्चीत मागं रेलल्या. कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसतीच गरम हवा फेकत होता. दोन हजार तीन सालचा मे महिना, परभणीचं ऊन, आणि बाहेर बाभळीवर एक कावळा चोच उघडी टाकून बसलेला. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. पण तो आठवडा आठवला की अजून मला आधी थकवा येतो आणि मग बाकीचं आठवतं.

आमचं केंद्र जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचं. जिल्ह्यातल्या एकशे त्रेचाळीस विहिरी ठरलेल्या होत्या. वर्षातून चारदा त्यांची पातळी मोजायची, आकडे संगणकाला द्यायचे आणि संगणकानं नकाशा काढायचा: पाणी खालून कुठून कुठं चाललंय, किती उरलंय, कुठल्या गावाला कधी कमी पडणार. हा नकाशा काढणारा प्रोग्रॅम परदेशी होता. तो एका मोठ्या युनिक्स यंत्रावर बसवलेला होता आणि त्या यंत्राला आम्ही नदीचं नाव दिलं होतं, पूर्णा. पूर्णा सांभाळणं हे माझं काम. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, दर अकरा महिन्यांनी वाढायचा.

पूर्णावर प्रत्येकाला आपलं आपलं खातं होतं. पण नकाशाचा प्रोग्रॅम चालायचा तो एकाच खात्यातून, आमचे प्रमुख डॉ. केशव मुगळीकर यांच्या. लायसन एकाच नावाचं आहे, हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून रीतच पडून गेली होती. सकाळी यायचं, चपला बाहेर काढायच्या, टर्मिनलसमोर बसायचं आणि मुगळीकर व्हायचं. सरांनी पासवर्ड आनंदानं वाटला होता. त्यांच्या गावाचं नाव आणि पुढं जन्मसाल. चहा आणणाऱ्या इस्माईलमामांनासुद्धा तो पाठ होता. "आज किती मुगळीकर आलेत?" असं दारातूनच विचारून ते तेवढे कप मोजायचे.

कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मुगळीकर सर शनिवारी निवृत्त होणार, त्यांचं खातं त्याच दिवशी बंद होणार, असं पत्र येईपर्यंत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात मुलाखत होती. केंद्रात कनिष्ठ भूवैज्ञानिकाची एक कायम जागा निघाली होती. वयाची अट अडतीस. ताईंना ऑगस्टमध्ये अडतीस पुरी होणार होती. त्याआधी दुसरी जागा निघण्याची शक्यता नव्हती. ही पहिलीच सात वर्षांनी निघाली होती. आणि अर्जासोबत एक गोष्ट मागितली होती: उमेदवारानं स्वतः केलेल्या मॉडेलांची, म्हणजे अशा नकाशांची, यादी, यंत्रावरून काढलेली, नावासकट.

एकशे त्रेचाळीस विहिरींची मॉडेलं ताईंनी केली होती. एकट्यांनी. उन्हात विहिरीच्या काठावर पालथं पडून फीत सोडणाऱ्या त्याच, आणि परत येऊन आकडे भरणाऱ्याही त्याच. त्या विहिरींबद्दल बोलायला लागल्या की घरच्या बायकांबद्दल बोलावं तसं बोलत. बोरीची विहीर खोल आणि सोसणारी. झरीची उथळ, लगेच भरणारी, लगेच रिती होणारी. दैठण्याची अबोल, तिचं पाणी वर्ष वर्ष हलत नाही. पिंगळीची बोलकी, एक पाऊस पडला की वीतभर वर येऊन सांगणारी. नुसता आकडा ऐकून त्या म्हणत, "ही पेडगावची नाही. पेडगावची इतकी खाली जाणार नाही. कुणीतरी मोटार लावलेली दिसतेय." आणि चौकशी केली की मोटार निघायची.

यंत्राच्या यादीत मात्र एकशे त्रेचाळीस वेळा एकच नाव होतं. मुगळीकर. मुगळीकर. मुगळीकर.

"निदान शेवटच्या दोन-चार तरी माझ्या नावानं करू द्या मला," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

"करू या," मी म्हणालो.

सोमवारी मी सोपे उपाय केले. प्रत्येक खात्याची एक सुरुवातीची फाइल असते. कुठली वस्तू कुठं शोधायची ते त्यात लिहिलेलं असतं. सरांची ती फाइल मी ताईंच्या खात्यात जशीच्या तशी ठेवली. तीच ओळ आली. माझ्या खात्यातून चालवून बघितलं, चाललं. सरांच्या खात्यातून बघितलं, चाललं. ताईंच्या खात्यातून, नाही.

"तुमच्या हातात चालतंय आणि माझ्या हातात नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताला काय काटे आहेत का वो?"

"माझं खातं वेगळं असतं, ताई. रूट म्हणतात त्याला. यंत्राचा मालक."

"असं का. मग मालकाला सांगा, गरिबाचं काम आहे म्हणून."

मंगळवारी सकाळी मी पुण्याला, त्या प्रोग्रॅमच्या विक्रेत्याकडं फोन लावला. तीनदा लाइन तुटली. चौथ्यांदा एक तरुण मुलगा बोलला. मी म्हणालो, लायसन एका नावाचं आहे, ते दुसऱ्याच्या नावावर करून हवंय, उद्यापर्यंत.

"एका नावाचं?" तो म्हणाला. "नाही सर. तुमचं लायसन मशीनचं आहे. त्या मशीनवर पन्नास जण बसू द्यात. नावाचा काही संबंधच नाही."

"नक्की?"

"पहिल्यापासून, सर. सत्त्याण्णवपासून तेच आहे तुमचं."

मी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावर ताई मुलाखतीची प्रमाणपत्रं लावत बसल्या होत्या. एका पारदर्शक पाकिटात एक, असं.

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"सगळे बघतोच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि पुढचं पाकीट उघडलं.

बुधवारी मी त्यांना म्हणालो, तुमच्या खात्यात शिरा आणि खुर्ची मला द्या. त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि उठल्या. मी त्यांच्या जागी बसलो. कळफलकावरची अक्षरं त्यांच्या बोटांनी झिजली होती. एक-दोन तर दिसतच नव्हती.

प्रोग्रॅम सुरू होताना कुठं कुठं हात घालतो, कुठलं दार ठोठावतो, ते ओळीनं लिहून दाखवणारी एक आज्ञा असते. ती लावून मी प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावरून ओळी वाहायला लागल्या. हे दार उघडलं. हेही उघडलं. हेही. चार-साडेचारशे ओळी. मी एकेक वाचत गेलो. डोळे चुरचुरत होते. ताई मागं उभ्या राहून पदरानं वारा घेत होत्या, त्यातला थोडा माझ्याही मानेला लागत होता.

शेवटून नववी ओळ. परवान्याची फाइल. प्रवेश नाही.

परवाना सापडत नाही, असं यंत्र सहा वर्षं सांगत होतं. परवाना तिथंच होता. तो यंत्रातल्या ज्या खोलीत ठेवला होता, त्या खोलीत शिरायची ताईंना मुभा नव्हती, एवढंच.

मी त्या खोलीवर काय लिहिलंय ते मागवलं. युनिक्समध्ये प्रत्येक वस्तूवर तिघांसाठी लिहिलेलं असतं: मालकाला काय करता येईल, मालकाच्या गटाला काय, आणि बाकीच्या गावाला काय. या खोलीवर मालकासाठी सगळं होतं. गटासाठी काही नाही. गावासाठी काही नाही. मालक: मुगळीकर. तारीख: बारा जून सत्त्याण्णव. वेळ: दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

ती दुपार मला लख्ख आठवली. प्रोग्रॅम बसवायला मीच बसलो होतो. सरांना तो कसा बसवतात ते बघायचं होतं, ते शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, आणि त्यांच्याच खात्यात जागा होती म्हणून मी तिथूनच बसवला. त्याच्या पंधराच दिवस आधी केंद्रातल्या कुणाचे तरी गोपनीय अहवाल यंत्रावर उघडे पडलेले सापडले होते आणि मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. म्हणून मी पूर्णावर एक ओळ लिहून ठेवली होती: यापुढं जी नवी वस्तू तयार होईल ती मालक सोडून सगळ्यांना बंद. प्रोग्रॅम बसवून झाल्यावर त्याची दारं मला हातानं उघडायची होती. बाहेरची दोन उघडली. आतलं राहिलं. साडेचारची परळीची गाडी होती, आणि मला ती गाठायची होती.

"सापडलं का?" ताईंनी विचारलं.

"सापडलं."

दोन ओळींचं काम होतं. ते केलं आणि उठून खुर्ची त्यांना दिली. त्यांनी एंटर दाबलं. पडदा काळा झाला आणि मग हळूहळू त्यावर दैठण्याची विहीर उमटायला लागली, निळ्या रेषा, रेषांच्या आत रेषा. कोपऱ्यात, जिथं सहा वर्षं मुगळीकर असं यायचं, तिथं गिराम आलं, ताईंचं आडनाव.

पडद्यावर धूळ नव्हती तरी पदराच्या टोकानं ताईंनी तो कोपरा पुसला.

"कशानं झालं, भाऊ?"

"आतलं एक दार लागलेलं होतं."

"कुणी लावलं होतं?"

"जुनं आहे ते. बसवतानाचं."

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पिंगळी घेतली.

दुपारपर्यंत त्यांच्या नावावर दोन विहिरी झाल्या. एकेका विहिरीला दीड तास लागायचा. गुरुवारपर्यंत फार तर पाच-सहा झाल्या असत्या. उरलेल्या मुगळीकरांच्याच. मी म्हणालो, "ताई, एक करता येतं. मी रूट आहे. एका ओळीत सगळी एकशे त्रेचाळीस तुमच्या नावावर करतो. तुमचीच आहेत ती."

त्या वळून माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतात की काय.

"नाव बदललं की यंत्र त्याची तारीख टिपून ठेवतं ना?"

"ठेवतं."

"मग? उद्या मुलाखत आणि आज नाव बदललेलं. कुणी बघितलं तर काय दिसेल? माझ्याच विहिरी मी चोरल्या असं दिसेल, भाऊ." त्या पुन्हा पडद्याकडं वळल्या. "नको. तुम्ही मला एक कागद द्या. माझ्या खात्यातून इतकी वर्षं का चालत नव्हतं, ते लिहा आणि खाली तुमची सही. मग मी सांगते त्यांना, काय माझं आहे ते. बाकी मला काही नको."

मी कागद घेतला. पाच वेळा लिहिला. शेवटी जो उरला त्यात असं होतं: काही तांत्रिक कारणामुळे श्रीमती गिराम यांच्या खात्यातून सदर प्रोग्रॅम चालू शकत नव्हता, सबब त्यांनी डॉ. मुगळीकर यांच्या खात्यातून काम केले. निवड समितीवर औरंगाबादचे डॉ. टाकळकर होते. सरांच्या जागी तेच येणार होते, आणि माझा करार तीस जूनला संपत होता.

सरांची सही हवी म्हणून मी त्यांच्या खोलीत गेलो. ते कपाट आवरत होते. खिडकीत पुस्तकांचे गठ्ठे दोरीनं बांधून ठेवलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरला.

"तांत्रिक कारण," ते म्हणाले. "छान आहे. गोल आहे. कुठूनही धरा, टोचत नाही."

मी सहीसाठी पेन पुढं केलं.

"बसा, लोमटे. उद्या मलाही विचारतील. मी काय सांगू? अहवालांवर माझं नाव आहे. एका अहवालाला दिल्लीत पारितोषिक मिळालं, ते मी घेऊन आलो, भिंतीवर लावलं. तुम्ही होता फोटोत."

"होतो, सर."

"ती मदत करायची, असं सांगेन."

"मदत, सर?"

त्यांनी एका रिकाम्या फडताळावरची धूळ हातानं झाडली. "खातं मी चांगल्या मनानं दिलं होतं. लायसन एकाच नावाचं आहे म्हणाले, म्हणून दिलं. नाही तर प्रत्येकानं आपापलं केलं असतं की. कुणी म्हणालं होतं ते, आता आठवतही नाही."

मला आठवत होतं. मी सही घेऊन बाहेर आलो.

गुरुवारी मुलाखती ग्रंथालयात होत्या. उमेदवार तिघं. ताईंचा नंबर शेवटी. मी यंत्राच्या खोलीत बसून होतो. साडेबाराला इस्माईलमामा आले.

"तुम्हाला बोलवलंय आत."

"मला?"

"मग काय मला? चला. आणि घाम पुसा आधी, चोर वाटताय."

आत लांब टेबलाच्या पलीकडं समितीचे दोघं आणि मधे टाकळकर. एका बाजूला मुगळीकर सर, खुर्ची जरा मागं ओढून. अलीकडं ताई, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. मला बसायला सांगितलं नाही.

"लोमटे तुम्हीच ना?" टाकळकरांच्या हातात माझा कागद होता. "या बाई म्हणतात, सगळी मॉडेलं त्यांची. कुठलीही विहीर विचारली तर तोंडपाठ सांगतात, ते मान्य. पण यंत्र म्हणतं, मुगळीकरांची. मुगळीकर म्हणतात, बाईंची मदत मोठी होती. आणि तुम्ही म्हणता, तांत्रिक कारण. तांत्रिक कारण सहा वर्षं टिकतं का हो? आमच्याकडं गळका नळसुद्धा इतका टिकत नाही."

समितीतले एक जण हसले.

"काय होतं ते कारण? सरळ सांगा. मला यातलं फार कळत नाही."

ताई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या टाकळकरांच्या हातातल्या कागदाकडं बघत होत्या, भरवशानं, तराजू बरोबर आहे हे माहीत असल्यासारख्या.

"प्रोग्रॅम मी बसवला, सर," मी म्हणालो. "बसवताना परवान्याची जागा मुगळीकर सर सोडून सगळ्यांना बंद राहिली. माझ्या हातून. ती उघडायला दोन मिनिटं लागतात. काल उघडली."

"काल? आणि सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. पहिल्याच आठवड्यात. गिराम मॅडम माझ्याकडं आल्या होत्या. माझ्या खात्यातून चालत नाही म्हणाल्या. मी माझ्या खात्यातून चालवून बघितलं, चाललं. मग मी त्यांना म्हणालो, लायसन एकाच नावाचं असेल."

"असेल?"

"मला माहीत नव्हतं, सर. अंदाजानं बोललो. नंतर सगळे तेच म्हणायला लागले. मीही."

टाकळकरांनी कागद खाली ठेवला आणि पेनाच्या टोकानं तो सरळ केला.

मुगळीकर सर खाकरले. "आकडे तिचे आहेत," ते म्हणाले. "मॉडेलंही. मी एकही केलेलं नाही. मला प्रोग्रॅम चालवता येत नाही." इतकं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो रुमालानं पुसत बसले.

टाकळकर बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "लोमटे, हे सगळं लेखी द्या. बाई, तुमचं नाव आम्ही पुढं पाठवू. निवड होईल, त्यात अडचण दिसत नाही. पण मागची सहा वर्षं अनुभवात धरता येणार नाहीत. कागदावर ती तुमची नाहीत. तुमचं काम कालपासून मोजलं जाईल."

"ठीक आहे, सर," ताई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात माठ होता. ताईंनी पेला भरला, अर्धा प्यायल्या, उरलेलं पाणी कुंडीतल्या वाळक्या झाडाला घातलं. मी दोन पावलांवर उभा होतो. त्यांनी पेला माठावर पालथा घातला.

"बारा जूनला बसवलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी सोळाला आले होते तुमच्याकडं. सोमवार होता."

"हो."

"त्या दिवशी तुम्ही माझ्या खात्यात बसून बघितलं होतं का?"

"नाही."

"एकदाही?"

"काल पहिल्यांदा."

त्यांनी मान डोलावली. रागावलेल्या दिसत नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुमच्याकडं चालणारच की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठलं दार बंद असतं?" मग, माझ्याकडं न बघता: "माझी पोरगी एकदा आली होती इथं. आठवीत होती. म्हणाली, आई, तुझं काम दाखव. मी पडद्यावर झरी काढून दाखवली. तिनं कोपऱ्यातलं नाव वाचलं. म्हणाली, हे तर सरांचं आहे, तुझं दाखव ना. मी तिला म्हणाले, माझं वहीत आहे."

त्या गेल्या. फाइल तेवढी छातीशी धरलेली.

त्यांची निवड झाली. पत्र जुलैत आलं. माझा करार नेहमीसारखा वाढला. टाकळकरांनी त्या गोष्टीचा पुन्हा उल्लेखही केला नाही, आणि ज्याला मी इतका भ्यालो होतो ते कधी घडणारच नव्हतं, हे मला सही करताना कळलं.

पण मला आठवतो तो मुलाखतीनंतरचा शुक्रवार. मी नऊला गेलो तेव्हा ताई टर्मिनलवर होत्या. शेजारी जमिनीवर वह्यांची चवड, सत्त्याण्णवपासूनची, पावसानं फुगलेली, उन्हानं पिवळी पडलेली. सगळ्यात वरची उघडी होती. बोरी, विहीर क्रमांक एक. ताई त्यातले आकडे एकेक करून भरत होत्या. कोपऱ्यात गिराम.

"ताई, हे कशाला? जुनी मॉडेलं आहेतच. आकडे तेच, उत्तरही तेच येणार."

"येऊ द्या."

"कुणी मागितलंय का?"

"नाही."

"मग मी एक छोटी आज्ञा लिहून देतो. आठ-दहा दिवसांत यंत्र आपलं आपण सगळी चालवील. तुमच्याच खात्यातून, तुमच्याच नावानं. तुम्हाला बसायला नको."

"नको," त्या म्हणाल्या. बोट वहीच्या ओळीवर तसंच होतं. "तुम्ही बसा तिकडं. तुमचं काम करा."

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. माझं काम काही नव्हतं. सरांचं खातं दुसऱ्या दिवशी बंद करायचं होतं, त्याची एक ओळ लिहून ठेवलेली होती. बोरी झाली, झरी झाली, पेडगाव झालं. चौथ्या विहिरीवर, तीनच्या सुमाराला, यंत्र अडलं. खात्यातली जागा संपली, असा निरोप पडद्यावर आलेला मला लांबूनही ओळखू आला. जागा मी देऊ शकत होतो. एका ओळीत, बसल्या जागेवरून.

मी अर्धवट उठलो. इतक्या वर्षांत असं काही झालं की त्या मान न वळवताच हाक मारायच्या आणि मी जायचो.

ताईंनी तो निरोप सावकाश वाचला, शब्दाखाली बोट फिरवत. मग मागच्या कपाटातून यंत्राचं जाड पुस्तक काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, मागची सूची उघडली. पाऊण तास त्या वाचत होत्या. मधे एकदा वहीत काहीतरी उतरवून घेतलं. मग सरावाच्या जुन्या फाइली शोधून एकेक काढून टाकायला लागल्या. प्रत्येक काढण्याआधी यंत्र विचारायचं, नक्की का, आणि त्या प्रत्येकीला हो म्हणायच्या. साडेचारला चौथी विहीर पुन्हा सुरू झाली. निळ्या रेषा वर यायला लागल्या, आणि त्यांनी पाचव्या विहिरीची वही मांडीवर ओढून घेतली.

मी केव्हाचा खाली बसलो होतो.